वारा नव्हता

कुसळ हललं नव्हतं. फूल हललं होतं.

एवढंच काय ते झालं. रविवारची दुपार, बाहेर एप्रिलचं ऊन, सिडकोतल्या त्या घराच्या वरच्या खोलीत पंखा गरम हवाच इकडची तिकडं करत होता, आणि कॉम्प्युटरसमोर बसलेल्या मनस्विनीनं आधी चष्मा पुसला. नको ते दिसलं की माणूस पहिला संशय काचेवर घेतो. चष्मा पुसून झाला, ओढणीच्या टोकानं पडदाही पुसून झाला, मग तिनं सकाळचे फोटो पुन्हा पहिल्यापासून लावले आणि बटण दाबत भरभर पुढं नेले. एकदांडीचं फूल. त्याला जवळजवळ खेटून, गेल्या साली वाळलेल्या गवताचं एक कुसळ. फोटो सरकत गेले तसं फूल थरथरायला लागलं. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं, हिवताप भरल्यासारखं. आणि कुसळ, जे शेजारून माशी उडाली तरी कापतं, ते सुईसारखं ताठ उभं होतं. वारा असता तर आधी ते हललं असतं. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात जिचे केस पांढरे झाले तिला हे दुसऱ्या कुणी समजावायला नको होतं.

इतक्या जवळून फुलाचा फोटो काढायचा तर एक अडचण असते. कॅमेऱ्याला एका वेळी केसाच्या जाडीएवढाच पदर स्पष्ट दिसतो. पाकळीचं टोक नीट आलं की मधला पिवळा गोंडा धुक्यात जातो, गोंडा नीट आला की पाकळी जाते. म्हणून कॅमेरा एका वीतभर रुळावर बसवायचा, रुळाचा स्क्रू किंचित फिरवायचा आणि एक फोटो घ्यायचा. पुन्हा किंचित, पुन्हा एक. असं फुलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायचं, आणि घरी आल्यावर कॉम्प्युटरला सांगायचं की बाबा, प्रत्येकातलं जेवढं स्पष्ट आहे तेवढं उचल, एकावर एक रच आणि मला एक अख्खं फूल करून दे. तो देतो. अट एकच, पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत फुलानं हलायचं नाही. हललं की चित्राला दोन-दोन कडा येतात, एकाच पाकळीची तीन भुतं दिसतात. गेलं वर्षभर तिच्या चित्रांत ही भुतं येत होती आणि वर्षभर ती वाऱ्याला शिव्या घालत होती. वाऱ्यासाठी तिनं मोठी छत्री घेतली, प्लास्टिकचा आडोसा शिवून घेतला, पहाटे उजाडायच्या आत निघायला सुरुवात केली. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण ती लहानपणापासून वापरत आली होती, कळसा किती जड असतो ते तिला त्या दुपारी कळलं.

कारण फूल धरायचं काम वैजनाथचं होतं. तिचा नवरा. डॉक्टर वैजनाथ पुराणिक, दातांचा डॉक्टर. तीस वर्षं सिडकोतल्या एका चौकात त्याचा दवाखाना, आणि शहरातली निम्मी अक्कल आपण उपटून ठेवली आहे असं तो अक्कलदाढांच्या हिशेबानं सांगायचा. फोटोच्या वेळी तो पालथा झोपायचा, कोपर मातीत रोवायचा आणि फुलाच्या खाली दोन बोटांत दांडी धरायचा. लोक चिमटा लावतात, असं ती सुरुवातीला म्हणाली होती. त्यावर तो केवढा रागावला होता! "चिमट्यानं दांडी चेंगरते. माझ्या बोटांपेक्षा चांगला चिमटा बाजारात असला तर आण." नव्हताच. त्याच्या हातांबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. सासूबाईंच्या सुईत दोरा तो लाइट गेलेली असताना ओवायचा. तिला बघायला आला तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली होती, आणि तिच्या आईला वाटलं, पेढे. आत मेणाची दाढ निघाली. कॉलेजात मेणाच्या वडीतून दात कोरायला लावतात, त्यातली ही सगळ्यात चांगली, असं तो कान लाल करून म्हणाला होता. ती दाढ अजून तिच्या कपाटात होती, उन्हाळ्यात मऊ पडायची म्हणून डबीत. अशा माणसाचा हात हलतो हे म्हणायला कोणत्या तोंडानं म्हणायचं?

सकाळी सगळं नेहमीसारखं झालं होतं. तो दोन हजार सोळाचा एप्रिल होता. पावसानं सलग दोन वर्षं पाठ फिरवली होती आणि जायकवाडीत उरलं होतं ते पाणी नावालाच. हर्सूलच्या तलावाकाठी ते दोघं पूर्वी जायचे, तिथं आता ट्रॅक्टर तळातला गाळ भरून नेत होते. शेंद्र्याच्या बाजूला तिचा एक ठरलेला माळ होता, तिथं पांढऱ्या फक्कीच्या रेघा पडल्या होत्या आणि 'दुसरा टप्पा, मोजकेच प्लॉट शिल्लक' असा फलक लागला होता. शहर हातपाय पसरत होतं आणि फुलं कुठंच नव्हती. फक्त पैठण रस्त्याला, जिथून शहराचं पाणी मोठ्या नळातून येतं, तिथं एक व्हॉल्व्ह गळत होता. त्या गळतीभोवती खाटेएवढी जागा हिरवी राहिली होती आणि त्या हिरव्यात एकदांडी फुलली होती. या फुलाच्या प्रत्येक पाकळीला टोकाशी तीन दात असतात, म्हणून वैजनाथ त्याला 'माझा पेशंट' म्हणायचा. लांब एकच एक दांडी आणि वर एवढंसं फूल, श्वास सोडला तरी डोलणारं. त्याला तिथं धरून ठेवायला तसाच हात हवा.

त्याच व्हॉल्व्हवर गोजरबाई पाणी भरायला यायच्या. पलीकडच्या वस्तीत राहायच्या, हंडा लावायच्या, आणि हे दोघं चिखलात लोळून काय करतात ते कौतुकानं बघत बसायच्या. त्या सकाळी त्यांनी गाल धरला होता. "लई ठणकतंय हो डॉक्टर. रातीला डोळ्याला डोळा नाय." वैजनाथनं त्यांना उजेडाकडं तोंड करून बसवलं, मोबाईलच्या बॅटरीत बघितलं आणि म्हणाला, "अक्कलदाढ आहे, आडवी. सूज उतरू दे आधी. गोळ्या देतो. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी दवाखान्यात या, काढून टाकू. पैशाचं बोलायचं नाही." गोजरबाईंनी तिथल्या तिथं त्याच्या पायाला हात लावला होता. मनस्विनीला तेव्हा भरून आलं होतं, आपला नवरा चांगला आहे म्हणून. आता त्या आठवणीत 'आडवी' हा एकच शब्द तिला मोठ्यानं ऐकू येत होता. आडवी दाढ म्हणजे हिरडी कापून, हाड कोरून काढायची.

मग ती जुने फोटो काढत गेली. एक तरी चित्र असं सापडावं की ज्यात कुसळ, काटकी, पातं, काहीतरी शेजारी फुलाबरोबर हललेलं असावं, म्हणजे वाऱ्याची बाजू राहील. वकील लावल्यासारखी ती वाऱ्याची बाजू शोधत होती. फेब्रुवारीतल्या फुलात थरथर थोडी कमी होती. दिवाळीतल्या फुलात अजून कमी. त्याच्याही आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातलं म्हैसमाळचं एक निळं फूल तर दगडात कोरल्यासारखं स्थिर होतं, आणि ते बघून तिला बरं वाटलं नाही. कारण मग हे कुठून सुरू झालं ते बोट ठेवून दाखवता येत होतं. ज्या फोटोंना ती वाया गेलेले म्हणत होती त्यांत तिचा नवरा महिन्यामहिन्यानं हलत गेला होता, आणि ती फुलाच्या कडा मोजत बसली होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरं दिसतं म्हणतात. तिला तर शेजारच्या उशीवरच्या माणसाचंही दिसलं नव्हतं.

आणि एकदा हे दिसल्यावर घरातल्या वस्तू आपापलं बोलायला लागल्या. चहा. तो हल्ली अर्धाच कप घ्यायचा, 'ॲसिडिटी' म्हणून. शर्ट. मनगटाशी बटणं लावायचे, पूर्ण बाह्यांचे कडक इस्त्रीचे शर्ट त्यानं मिहिरला देऊन टाकले होते, मिहिर, त्यांचा मुलगा, पुण्याला असतो, त्याला ते मापातही बसत नाहीत. वर्तमानपत्र तो पूर्वी हातात धरून वाचायचा, आता टेबलावर पसरून वाचायचा, आणि वर 'पाठीला बरं पडतं' म्हणायचा. पण सगळ्यात जिव्हारी लागला तो ठेका. ज्या माणसाला आरतीचा सूर सापडत नव्हता त्याला गेल्या वर्षी एकाएकी गाण्याची आवड लागली होती. जेवणाच्या ताटाच्या कडेवर, गाडीच्या स्टिअरिंगवर, गुडघ्यावर, सोफ्याच्या हातावर त्याची उजव्या हाताची बोटं ठेका धरायची. ती किती खूश झाली होती! पन्नाशी उलटल्यावर माणसात रस येतो, असं तिनं स्टाफरूममध्ये सांगितलंही होतं. बोटं आपोआप हलतातच तर तालात हलू देत, असं त्यानं कधी ठरवलं असेल? कुठल्या रात्री, तिच्या शेजारी झोपून? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानं मूठ झाकली होती आणि वर तबला वाजवत बसला होता.

जिन्यावर पावलं वाजली. तो झोपून उठून आला होता, गालावर उशीचा वळ. "आलं का नीट?" त्यानं दारातनंच विचारलं. तिनं पडद्यावरचं फूल बंद केलं. तिला विचारायचं होतं, सांगायचं होतं, त्याचा हात ओढून उजेडात बघायचा होता. यातलं काहीच न करता ती म्हणाली, "नाही ओ. दोन-दोन कडा आल्यात."

"वारा होता ना सकाळी," तो म्हणाला.

"हो. वारा होता."

तो मान हलवून खाली गेला आणि खालून ताटावर ठेका ऐकू आला. आपण खोटं बोललो म्हणून तिला वाईट वाटलं नाही. ते किती सहज जमलं, वर्षभराचा सराव असल्यासारखं, याची तिला भीती वाटली.

सोमवारी कॉलेजात तिनं पानांच्या आतली रचना शिकवली आणि तास संपेपर्यंत फळ्यावर काय काढलं ते तिला आठवेना. मिहिरला फोन लावायला तिनं दोनदा मोबाईल उचलला. काय सांगणार? तुझ्या बाबांच्या शेजारचं कुसळ हललं नाही? शेवटी बुधवारी दुपारी, वैजनाथ बँकेत गेलेला असताना, ती दवाखान्यात गेली. मोनिका तिथं सात-आठ वर्षं कामाला होती. पेशंटला आत घ्यायची, सामान उकळून ठेवायची, सरांना हातात काय हवं ते द्यायची. तिनं मॅडमना बघितलं आणि खुर्ची पुसली. मनस्विनीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "अक्कलदाढेचे पेशंट फार असतात का गं हल्ली?"

मोनिकानं हातातल्या फडक्याची घडी केली. मग म्हणाली, "सरनं ते बंद केलंय मॅडम. दिवाळीपासून. सगळे समोरच्या दवाखान्यातल्या मॅडमकडं पाठवायलेत. मला म्हणले, वयानं पाठ दुखती."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं करतात की. सफाई, कवळ्या." तिनं दाराकडं बघितलं. "दिवाळीच्या आधी एक द्वारकाबाई म्हणून आजी होत्या, कन्नडहून येणाऱ्या. त्यांच्या गालाला आतून लागलं जरा. सर म्हणले, आजी हलल्या. आजी पण म्हणल्या, व्हय बाबा, मीच हलले आसंन." एवढं बोलून मोनिकाला रडू आलं. "मॅडम, आजी हलल्या नव्हत्या. मी डोकं धरलं होतं त्यांचं."

बाहेर रस्त्यावर टँकरमागं लोक पळत होते, बादल्यांचा आवाज होत होता. मनस्विनी त्या खुर्चीवर बसून राहिली. म्हणजे त्याला माहीत होतं. दिवाळीपासून माहीत होतं. ज्या कामाला नेमका हात लागतो ती सगळी कामं त्यानं दूर केली होती. यात दोष काढण्यासारखं काही नव्हतं, उलट शहाण्या माणसाचं वागणं होतं. मग गोजरबाईंना हो का म्हणाला? सगळ्या अक्कलदाढा समोर पाठवणाऱ्या माणसानं हीच एक, तीही आडवी, स्वतःकडं का ठेवून घेतली? उत्तर तिच्या मनात आलं आणि तिनं ते झटकून टाकलं, पुन्हा आलं, पुन्हा झटकलं. गोजरबाई तक्रार करणार नव्हत्या. काही झालं तर त्याही म्हणाल्या असत्या, व्हय, मीच हलले. ज्या माणसानं तिला मेणाची दाढ दिली त्याच्याबद्दल असं मनात आणणारी आपण कोण, असं वाटून तिला स्वतःचीच किळस आली. पण एकदा मनात आलेलं जात नाही. येताना ती पैठणगेटला उतरली आणि मोबाईल दुरुस्त करणारे वापरतात तसला, वाकणाऱ्या दांडीचा एक छोटा चिमटा घेऊन आली. त्याच्या दातांना तिनं घरी कापूस गुंडाळला. पर्सच्या तळाशी, रुमालाखाली ठेवून दिला.

गुरुवारपासून घरात एक शांतता आली. कसली ते तिला लवकर उमगेना. नळाला पाणी आलं होतं, पिंप भरताना आवाज होता, टीव्ही चालू होता, तरीही काहीतरी बंद पडलं होतं. शनिवारी जेवताना तिला कळलं. ठेका बंद होता. वैजनाथचा उजवा हात ताटाशेजारी नव्हता, मांडीखाली होता. डाव्या हातानं तो चमच्यानं जेवत होता, त्याच हातानं पाण्याचा तांब्या उचलत होता. तिनं विचारलं, "गाणं बंद केलं वाटतं?" तो म्हणाला, "कंटाळा आला," आणि वरण वाढून घेतलं नाही. रोज रात्री ती वाक्यं जुळवत होती. आपण एखाद्या डॉक्टरला दाखवू या का. तुम्हाला अलीकडं थकल्यासारखं वाटतं का. मला एक गोष्ट दिसली. सगळी वाक्यं बरोबर होती आणि एकही तोंडातून बाहेर पडण्याजोगं नव्हतं. आणि सोमवार तर येणारच होता, तो कुणासाठी थांबत नाही.

रविवारी उजाडता उजाडता ते पैठण रस्त्याला पोचले. व्हॉल्व्ह गळत होता. गेल्या आठवड्यातलं फूल वाळलं होतं, त्याच्या शेजारी नवं उमललं होतं. कुसळ तिथंच होतं. तिनं कॅमेरा रुळावर चढवला, तो नेहमीसारखा पालथा झोपला, कोपर रोवलं, दांडी धरली. तिनं सगळे फोटो घेतले, एकही सोडला नाही. मग गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "अहो, हे बघा जरा." कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर तिनं चाक फिरवून फोटो भरभर पळवले. फूल थरथरलं. कुसळ नाही. तो बघत राहिला. "पुन्हा," म्हणाला. तिनं पुन्हा पळवले. "पुन्हा." तिसऱ्यांदा तिनं फोटो सावकाश, एकेक करून सरकवले.

"इतकं मोठं करून बघितलं तर कुणाचाही हात हललेला दिसणार," तो शेवटी म्हणाला. आवाज डॉक्टरचा होता, पेशंटशी बोलतानाचा. "साधी गोष्ट आहे. तू धर. मी काढतो."

ती पालथी झोपली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या बाजूला गेली होती. ओल्या मातीचा वास नाकात शिरला, मुंग्या मनगटावरून चालल्या, आणि तिनं दोन बोटांत दांडी धरली तेव्हा कळलं की दांडीला बारीक लव असते, आणि ती बोटांना जाणवते. इतकी वर्षं ती हे मुलांना नुसतं सांगत आली होती. तिनं श्वास धरला. पण आठवडाभर झोप नव्हती, आणि दोन हातांच्या अंतरावर तो कॅमेऱ्याला डोळा लावून बसला होता, आणि ती त्याच्या विरुद्ध पुरावा गोळा करायला आल्यासारखी पडली होती. तिची बोटं कापायला लागली. भीतीनं कापत होती, प्रेमानं कापत होती, तिला ती थांबवता येईनात.

"हलायलंय!" तो ओरडला. "मनू, तुझंही हलायलंय! बघितलंस?" त्यानं चाक फिरवून पुन्हा पुन्हा बघितलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की तिला पोह्यांची बशी आणि लाल झालेले कान आठवले. "म्हणजे सगळ्यांचंच हलतं. मी उगाच... वर्षभर मी उगाच..."

तिला फक्त 'हो' म्हणायचं होतं. हो, सगळ्यांचंच हलतं. एक अक्षर. त्यावर घरी जाता आलं असतं, चहा पूर्ण कप झाला असता, ठेका परत सुरू झाला असता. तिला ते इतकं म्हणावंसं वाटलं की ओठ हललेही. तेवढ्यात मागं हंड्याचा आवाज झाला. गोजरबाई आल्या होत्या, गालाला फडकं बांधलेलं. हंडा व्हॉल्व्हखाली लावून त्या म्हणाल्या, "सूज उतरली बघा डॉक्टर. उद्या येऊ ना मंग?"

"या की," पडद्यावरची नजर न काढता वैजनाथ म्हणाला.

मनस्विनीनं दांडी सोडली. हनुवटीला चिखल लागलेला, तशीच पालथी पडल्या पडल्या ती म्हणाली, "माझ्याकडं कुणी दाढ काढायला येत नाही."

आठवडाभर जुळवलेल्या वाक्यांत हे वाक्य नव्हतं. ते बोलून झाल्यावर तिला ते परत घ्यावंसं वाटलं. हंड्यात पाणी पडत होतं, आवाज हळूहळू भरत चालला होता. वैजनाथनं चाक एकदा फिरवलं, एकदा उलटं फिरवलं, आणि कॅमेरा बंद केला. त्याचा चेहरा विझला, तो तिनं बघितला, आणि हे आपण केलं हेही तिला कळलं.

"मला एकदा बघायचं होतं," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"काय?"

"जमतंय का अजून. एकच. म्हटलं, फुकटचा पेशंट आहे, काही झालं तर ओरडणार नाही." त्यानं कॅमेऱ्याच्या काचेवर झाकण बसवलं. "असं मनात आलं, मनू. माझ्या मनात आलं."

तिनं झटकून टाकलेलं तेच त्यानं उचलून तिच्यासमोर ठेवलं होतं. तो उठला, पँटची माती झटकली, आणि व्हॉल्व्हकडं गेला.

"गोजरबाई, उद्या या. पण दाढ मी काढणार नाही. समोरच्या डॉक्टरीणबाईंकडं मी घेऊन जातो तुम्हाला, मी तिथं उभा राहतो. तुम्हाला काही द्यावं लागणार नाही."

"का हो? माझं काय चुकलं का?"

"नाय," तो म्हणाला. घरात तो 'नाही' म्हणायचा, दवाखान्यातही. "माझा हात हलायलाय."

आणि त्यानं उजवा हात पुढं धरला. उघडा, पालथा, सकाळच्या उन्हात. ठेका नाही, मूठ नाही. मनस्विनीनं तो तसा पहिल्यांदाच बघितला. गोजरबाईंनी त्या हाताकडं नीट निरखून बघितलं.

"व्हय की. लई हलायला." मग त्यांनी वर बघितलं. "अवशीद घेता का नाय?"

"नाय घेतलं अजून."

"लोकायला गोळ्या देता अन् सवता नाय घेत व्हय? काय मानूस हाय!" त्या हंड्याकडं वळल्या. "भरला. लावा जरा हात, डोक्यावर घेते."

त्यानं दोन्ही हातांनी हंडा उचलून दिला. पाणी डचमळलं आणि त्याचा शर्ट छातीवर भिजला. गोजरबाई वस्तीकडं चालायला लागल्या, तो त्यांच्या पाठमोऱ्या हंड्याकडं बघत उभा राहिला. परत आला तेव्हा मनस्विनी उठून बसली होती आणि हनुवटी पुसत होती.

"चिमटा आणलायस ना?" त्यानं विचारलं.

तिचा हात पर्सवर गेला.

"बुधवारीच बघितलाय मी. गाडीची किल्ली शोधत होतो तुझ्या पर्समध्ये. कापूस गुंडाळलेला." तो फुलाजवळ उकिडवा बसला. "लाव."

तिनं पर्स उघडली, रुमालाखालून चिमटा काढला. त्याची टोकदार दांडी मातीत खोचली, वाकवली आणि कापसाच्या दातांमध्ये एकदांडीची दांडी हलकेच बसवली. दांडी चेंगरली नाही. वैजनाथनं वाकून ते तपासलं, एका बाजूनं आणि मग दुसऱ्या बाजूनं. त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता, हलत होता. तो त्यानं लपवला नाही. ती कॅमेऱ्यामागं गेली.

"वारा आहे का?" त्यानं विचारलं.

तिनं कुसळाकडं बघितलं.

"नाही," ती म्हणाली, आणि स्क्रू किंचित फिरवला.